मी नव्वद लिहिलं

१० एप्रिल, गुरुवार

रविवारचा लेख दुपारी पाठवून मोकळा झालो. विषय: सरकारी शुद्धिपत्रकं. एका खात्यानं एकाच आदेशाची चार शुद्धिपत्रकं काढली, त्यातलं चौथं हे तिसऱ्याची दुरुस्ती. असा मसाला आयता मिळाल्यावर लिहायला काय लागतं? ‘आमचं चुकलं, हे कोणतंही खातं सरळ सांगत नाही’ हे वाक्य जरा जास्तच आवडलं मला. मंजूनं वाचलं. म्हणाली, “छान आहे. पण तुम्ही तरी कधी सांगता?” सदतीस वर्षं गणित शिकवलेली बाई, बरोब्बर तिथंच बोट ठेवते.

संध्याकाळी संपादकांचा फोन. सदराला जूनमध्ये दहा वर्षं होतात, पुरवणी काढू म्हणे. मग आवाज खाली घेऊन: मुंबईत कायद्यांचे मसुदे तपासायला समिती होऊन राहिली आहे, त्यात तुमचं नाव आहे. मी ‘बघू’ म्हटलं. बघू कसलं! दहा वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या कलमांच्या चुका काढतो आहे, एकदा स्वतः कलम लिहायला मिळावं असं वाटतं. खूप वाटतं. इथं लिहायला हरकत नाही.

कूलरला नवी खस लावली. दोन दिवस तरी बरा वास येईल.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी ऑफिसात एक बाई आल्या. वनिताबाई रामटेके, राहणार खापरखेडा, थर्मल वीजकेंद्राच्या मागं जी वस्ती आहे तिथल्या. अंगणवाडीत सेविका. पन्नाशीच्या. मला पाहून म्हणाल्या, “फोटोत केस जास्त आहेत तुमचे.” लांजेवार, म्हणजे माझा मुन्शी, सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे पण इतका हसलेला पाहिला नव्हता.

बाईंनी पिशवीतून एक लांब रजिस्टर काढलं. त्यात माझे लेख. सगळे. कापून, खळ लावून, तारखेनिशी. दर रविवारी विहारात वंदना झाली की माझा लेख मोठ्यानं वाचतात, मग त्यावर बोलतात. पाच-सहा वर्षं झाली म्हणे. मला पत्ताच नव्हता. फुगलो. चहा सांगितला.

मग मुद्द्यावर आल्या. डिसेंबरच्या अधिवेशनात झालेला पट्ट्यांचा कायदा: सरकारी जागेवर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनी मुदतीत दावा केला तर घराखालची जागा नावावर, नाही केला तर जागा रिकामी. यांची एक्केचाळीस घरं. कागद फेब्रुवारीतच तयार होते. पण वस्तीनं ठरवलं, एकेकानं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, आणि तेही अकरा एप्रिलच्या जयंतीच्या दिवशी. घाई नव्हती, कारण माझ्या दोन फेब्रुवारीच्या लेखात मुदत नव्वद दिवस होती. काल गेले. लेझीम, निळे झेंडे, बायांच्या डोक्यावर फायली. उपविभागीय कार्यालयातल्या कारकुनानं सगळ्या परत दिल्या. मुदत साठ दिवसांची, मार्चमध्येच संपली.

“म्या त्याले म्हटलं, वकीलसाहेबाच्या लेखात नव्वद आहे. तो म्हणे, मंग वकीलसाहेबालेच इचारा. म्हणून आली.”

मी म्हटलं, “कारकून चुकतो आहे.” अगदी ह्याच शब्दांत. मग लांजेवारला राजपत्र काढायला लावलं, पाहायला नव्हे, बाईंना दाखवायला. कलम सात, पोटकलम दोन. साठ दिवस.

राजपत्र मिटलं. म्हटलं, “मी पाहतो. फायली ठेवून जा.” त्या पाणी पिऊन अकराच्या बसनं गेल्या. गेल्यावर पुन्हा उघडलं. साठच होतं.

१३ एप्रिल, रविवार

शुद्धिपत्रकांचा लेख आला. सकाळपासून सात फोन. ‘काय झोडपलंत हो!’ सातही जणांना धन्यवाद दिले.

झालं कसं, ते शोधून काढलं. शोधायला फार लागलं नाही. विधेयक मांडलं त्या दिवशी मी विधान भवनात होतो, प्रत हाती घेतली, तिच्यावरच टिपणं काढली. विधेयकात सरसकट नव्वद होते. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी दुरुस्ती आली: साठ दिवस, आणि पुरेसं कारण दाखवलं तर वरचे तीस. आवाजी मतानं मंजूर. त्या दुपारी मी कुठं होतो? उमरेड रोडला, संपादकांच्या शेतावर, हुरडा खात. दर वर्षी शेवटच्या दिवशी हेच होतं. मुंबईकडचे पत्रकार विमान पकडतात, आपले लोक हुरड्याला जातात, सभागृहात कोण उरतं ते सभागृहालाच माहीत. लसणाची चटणी झकास होती, एवढं आठवतं.

बरं, तेही एक वेळ माफ. जानेवारीच्या शेवटी राजपत्र निघालं, मी मागवलं, आलं, कपाटात ठेवलं. लेख लिहिला डिसेंबरच्या टिपणांवरून. का उघडलं नाही? कारण कायदा मला माहीत होता.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. चार दिवसांतली दुसरी जयंती, संविधान चौकाकडून दिवसभर ढोलांचा आवाज. घरी बसलो.

दुपारी वनिताबाईंचा मेसेज: ‘जय भीम साहेब. जयंतीच्या शुभेच्छा. कलम भेटलं का?’ सोबत फोटो. विहारापुढं रोषणाई, ओळीनं उभ्या बाया, पांढऱ्या साड्या. मी लिहिलं, ‘आपणांसही शुभेच्छा. पाहतो आहे.’ पाहतो आहे! पाहून दोन दिवस झाले.

१५ एप्रिल, मंगळवार

हिशोब साफ आहे. साठ गेले, पण वरचे तीस अजून शिल्लक. पंचवीस तारखेच्या आत विलंबमाफीचा अर्ज गेला पाहिजे, आणि त्यात पुरेसं कारण. म्हणजे एकूण दिवस नव्वदच, फरक इतकाच की आता कारण सांगावं लागतं. आणि कारण मी आहे.

लांजेवारला सांगितलं. आधी त्याला पटेना. मग म्हणाला, “साहेब, डोक्याले ताप काहून करून घेऊन राहिले? आपला अर्ज ठरलेला आहे नं.” आणि खरंच त्यानं कॉम्प्युटरवरून काढून दिला. ‘अर्जदार सदर कालावधीत आजारी असल्याने...’ नाव नि तारीख टाकायची जागा मोकळी. सव्वीस वर्षांत आमच्या ऑफिसातून किती निरोगी माणसं आजारी पडून गेली असतील, मोजलेलं नाही. जिल्ह्यात सगळेच असं करतात, अधिकाऱ्यांनाही ठाऊक असतं.

“एक्केचाळीस घरं एकदम आजारी?” मी म्हटलं.

“साथ होती म्हणा. डॉक्टर आपला आहेच.”

मी नको म्हटलं नाही. उद्या बाई येतात, त्यांना विचारू म्हटलं.

१६ एप्रिल, बुधवार

वनिताबाई आल्या. लांजेवारनं आजारपणाचा अर्ज पुढं केला. बाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

“भाऊ, मी आजारी नोती. साठही दिवस अंगणवाडीत माही सही आहे. अन साथ आली असती तं तिचा पहिला कागद म्याच भरला असता, थे माहं काम आहे. उद्या कोणी इचारलं तं काय सांगू?” लांजेवारनं अर्ज मागं ओढला. असा आक्षेप त्याला सव्वीस वर्षांत कोणी घेतला नसावा.

मग माझ्याकडे वळून: “साहेब, खरं थेच लिवा नं. लेखात नव्वद छापून आले. छापणाऱ्यानं गडबड केली असन. तुम्ही साठच लिवलं असन.”

इथं बोलायचं होतं. बोललो नाही. मान हलवली, तीसुद्धा धड हो अशी नाही नि नाही अशीही नाही. बाईंनी ती हो धरली. “मंग पेपरवाल्याचं लिहून घ्या,” म्हणाल्या आणि उठल्या.

स्वतःचा इतका राग आलेला बऱ्याच वर्षांत आठवत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

संपादकांना फोन. चूक सांगितली. त्यांनी काय सुचवावं? “मुद्रणदोष म्हणून दोन ओळी टाकून देऊ. आतल्या पानावर. आमची काही हरकत नाही.” म्हणजे वनिताबाई आणि संपादक, दोघंही मला सोडवायला बसलेले.

मी म्हटलं, पूर्ण लेख लिहितो, माझ्या नावानं. ते म्हणाले, ह्या रविवारी नको. समितीचं ठरू द्या. पुरवणीचं पाहा. “लोक तुमच्या शब्दावर चालतात हो.” तेच तर झालं आहे ना बाप्पा!

लेख लिहून पाठवला. ह्या रविवारी तरी येणार नाही, हे ठरलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे, कोर्ट बंद. मंजूला सगळं सांगितलं. आठवडाभर काहीतरी शिजतंय हे तिला कळलं होतंच, पोहे तसेच टाकून उठत होतो. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उत्तर चुकलं ते चुकलं. आता पायऱ्या खोडू नका. वहीत खाडाखोड करणाऱ्या पोराचा मला जास्त राग यायचा.”

दुपारी बसून शपथपत्र लिहिलं. दुसऱ्यांसाठी हजारो लिहिली. ‘मी, खाली सही करणारा’ इथंच पहिल्यांदा अडलो. चौथ्या परिच्छेदात ‘अनवधानाने’ लिहिलं होतं, ते काढलं. अनवधान नव्हतं. राजपत्र कपाटात होतं आणि मी उघडलं नाही, असं लिहिलं.

साक्षीदार झालो म्हणजे वकील म्हणून मला उभं राहता येणार नाही. हेही बाईंना सांगायचं आहे.

२० एप्रिल, रविवार

गाडी घेऊन खापरखेड्याला. सकाळी नऊला. थर्मलची धुराडी, मागं वस्ती, विहार छोटासा पण टापटीप. तीस-चाळीस माणसं. मला पाहून गडबड उडाली, खुर्ची आणली. मी सतरंजीवर बसलो.

वंदना झाली. मेश्रामकाका म्हणून थर्मलमधून रिटायर झालेले एक गृहस्थ वाचतात. म्हणाले, “आज साहेबाचा लेख आला नाही. पण साहेब सोता आले, तं मागच्या रविवारचाच पुन्हा वाचून राहिलो.” आणि वाचला. शुद्धिपत्रकांचा. अख्खा. काका चांगलं वाचतात, कुठं थांबायचं ते कळतं. ‘आमचं चुकलं, हे कोणतंही खातं सरळ सांगत नाही’ ह्यावर बाया हसल्या, कोणीतरी टाळी दिली. मी सतरंजीचे दोरे मोजत होतो.

संपल्यावर उभा राहिलो. म्हटलं, नव्वदची चूक छपाईची नाही. माझी आहे. मी राजपत्र न पाहता लिहिलं.

वनिताबाई: “म्हंजे बुधवारी मी छापणाऱ्याचं बोलून राहिली होती, तवा तुम्हाले मालूम होतं?”

“शनिवारीच कळलं होतं. तुम्ही समोर बसला होतात तेव्हाच.”

“शनिवारी!” त्या उठून उभ्या राहिल्या. “आठ दिवस झाले साहेब. आठ दिवस मी या बायाइले सांगून राहिली का साहेब पाहून राहिले, साहेब पाहून राहिले. आमचा सरकारवर भरोसा नोता, म्हणून तं तुमचं वाचत होतो. कायद्याचा कागद आला का आम्ही त्याच्यावर नाही, तुमच्यावर चालत होतो. अन तुम्ही बी तसेच निघाले?”

लाज वाटली. साधी, शाळेत वर्गाबाहेर उभं केल्यावर वाटते तशी.

मागून एक म्हातारी रडायला लागली. तिला मूलबाळ नाही, घर तेवढं आहे, हे मला नंतर कळलं. मेश्रामकाका म्हणाले, “थांब वं वनिता. माणूस इथवर आला. आता पुढं काय करा लागते थे इचार.” मग मी शपथपत्र वाचून दाखवलं. पंचवीस तारीख सांगितली. माझ्याऐवजी दुसरा वकील देतो म्हटलं, माझ्या ओळखीचा, चांगला आहे. वनिताबाई म्हणाल्या, “नोको. कायद्यात लिहेल आहे नं, अर्जदारानं सोता बोललं तं चालते? माह्या नावाचा अर्ज आहे, म्याच बोलन.” ते कलम माझ्या लेखात होतं. तेवढं बरोबर होतं.

निघताना चहा दिला. बशीसकट. वनिताबाई बाहेर आल्या नाहीत.

२१ एप्रिल, सोमवार

नोटरीपुढं शपथपत्र. नोटरी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं. “सर, हे फायनल आहे का?” फायनल म्हटलं. लांजेवार दिवसभर माझ्याशी बोलला नाही. सव्वीस वर्षांचा त्याचा तयार अर्ज नाकारला गेला ह्याचं वाईट वाटलं असेल, की माझं, कळलं नाही. संध्याकाळी जाताना म्हणाला, “साहेब, थे म्हातारीवालं घर कुलूपबिलूप लावून जप्त होईन का हो?” म्हणजे तो फायली वाचत बसला होता.

२३ एप्रिल, बुधवार

एक्केचाळीस अर्ज दाखल. पोच मिळाली. वनिताबाईंनी प्रत्येक पोचेवरचा शिक्का उजेडात धरून तारीख तपासली, मग माझ्याकडून पुन्हा तपासून घेतली नाही. योग्य आहे.

२७ एप्रिल, रविवार

दुरुस्तीचा लेख आला. आतल्या पानावर, खाली. मथळा मी ‘मी नव्वद लिहिलं’ दिला होता, छापला ‘वाचकांशी संवाद’. एक परिच्छेद उडवला, कोणता ते सांगायला नको, हुरड्याचा. संपादकांना फोन करून चांगला भडकलो. त्यांनी ऐकून घेतलं. शेत त्यांचंच आहे.

आज दोनच फोन. एका जुन्या वकीलमित्राचा: “कशाला रे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला? कोणी बघत होतं का?” एक्केचाळीस घरं बघत होती, म्हटलं. “तू आता म्हातारा झालास,” तो म्हणाला. दुसरा फोन विम्याचा.

६ मे, मंगळवार

सुनावणी. उपविभागीय अधिकारी तरुण आहे, कागद वाचून येतो. जागा ज्या खात्याची, त्यांच्याकडून एक तरुण वकील बाई. छान तयारी.

त्यांनी मला विचारलं, “राजपत्र आपल्याकडे उपलब्ध होतं?”

“होतं.”

“कुठं?”

“माझ्या मागच्या कपाटात.”

“मग लेख लिहिताना उघडलं का नाही?”

“गरज वाटली नाही.”

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. मागच्या बाकावर आमच्या बारचे दोघं होते, उद्यापर्यंत सगळ्या जिल्हा कोर्टात होईल. होऊ द्या.

वकील बाईंचा मुद्दा: वर्तमानपत्रातला लेख म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे, त्यावर विसंबणं हे पुरेसं कारण नव्हे. मुद्दा बरा आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हाच मांडला असता, आणि खरं तर ह्या आशयाचं मी एकदा लिहिलेलंही आहे. नशीब, त्यांना सापडलं नाही.

मग वनिताबाई उठल्या. कागद नव्हता हातात. “साहेब, राजपत्र कुठं भेटते थे आम्हाले मालूम नाही. भेटलं तं त्यातलं समजत नाही. आमच्या ग्रामपंचायतीत बी थे लागलं नोतं. म्हणून आम्ही या वकीलसाहेबाचं वाचतो. याइचं नाव पेपरात येते, फोटो येते. ज्याच्या घरात कायद्याचे कपाट भरून आहेत, तो माणूस चुकला. आमच्या घरात तं कपाटच नाही. मंग आम्ही चुकलो तं आमचं घर काहून जावं?” आणि बसल्या.

इतकी वर्षं वकिली केली. ह्यापेक्षा चांगलं मला मांडता आलं नसतं. माझ्यावरून मांडलं, हे सोसायला जरा जड गेलं, पण खरं ते खरं.

निकाल सोळा तारखेला.

बाहेर जिन्यात वनिताबाईंना म्हटलं, छान बोललात. “चांगलं-वाईट निकालावर,” त्या म्हणाल्या आणि बस गाठायला गेल्या.

९ मे, शुक्रवार

समितीचं पत्र आलं. खरंच आलं! मंजूनं दोनदा वाचलं. मी चारदा. सोबत संमतीचा नमुना, तेवीस मेपर्यंत पाठवायचा. त्यात एक हमी: ‘शासनाविरुद्धच्या कोणत्याही प्रलंबित प्रकरणात मी पक्षकार, वकील वा साक्षीदार नाही.’

सोळाला निकाल लागला की प्रकरण प्रलंबित राहत नाही. तारीख जुळते. सही करून ठेवली नाही, पण पेन काढलं होतं.

समितीत गेलो तर पहिली गोष्ट ही सुचवीन: ज्या कायद्यात मुदत आहे, ती गावच्या फलकावर मोठ्या अक्षरात लावल्याशिवाय मोजायला सुरुवात करू नये. एका कलमात किती वस्त्यांचं भलं होईल. हे खरंच वाटतं मला, स्वतःची समजूत घालायला म्हणून लिहीत नाही. थोडं घालायलाही.

१६ मे, शुक्रवार

निकाल नाही. अधिकाऱ्याची बदली झाली. मे महिना, बदल्यांचा मोसम, लक्षात यायला हवं होतं. कार्यालयात टेबलावर हार आणि अर्धा केक. कारकून म्हणाला, नवीन साहेब आले की कळेल.

एक्केचाळीस घरांतली दहा-बारा माणसं आली होती, दिवसाची मजुरी पाडून. मेश्रामकाकांनी मला विचारलं, “आता?” मी समजावलं: ज्यानं ऐकलं त्यानंच निकाल द्यायचा असतो, त्यामुळं नवा अधिकारी बहुधा पुन्हा पहिल्यापासून ऐकेल. काका म्हणाले, “म्हंजे पुन्हा सारं सांगा लागन?” हाव, म्हटलं. आपोआप ‘हाव’ आलं तोंडात.

२० मे, मंगळवार

नवीन अधिकारी रुजू. आदेश: सर्व अर्जांची फेरसुनावणी, सोमवार, सव्वीस मे, सकाळी साडेअकरा. शपथपत्र करणाऱ्यानं समक्ष हजर राहावं, न राहिल्यास शपथपत्र विचारात घेतलं जाणार नाही.

दुपारी संपादकांना फोन केला, सहज म्हणून. ते म्हणाले, मुंबईला कळवून पाहू का, आठवडाभर थांबतील का. संध्याकाळी उत्तर: नाही. तेवीसला, शुक्रवारी, यादी बंद. “सही करून टाका. तांत्रिक आहे. तुमचं शपथपत्र फायलीत आहेच ना, तुम्ही गेलात काय नि नाही काय.” आदेशातलं ‘समक्ष’ त्यांना वाचून दाखवलं. “तुम्ही फार बारीक वाचता,” म्हणाले. आता वाचायला लागलो आहे.

मंजूला विचारलं. “मला काय विचारता?” म्हणाली नि भाजी निवडत बसली. तिच्या गप्प बसण्यात तिचं मत होतं, पण मला तोंडानं हवं होतं.

२१ मे, बुधवार

ऊन भयंकर. दुपारी एकला वनिताबाई आल्या, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. आदेशाची प्रत घेऊन. लांजेवारनं न सांगता पन्हं दिलं.

त्यांनी ‘समक्ष’ ह्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. म्हणाल्या, “साहेब, हा नवा साहेब. याले काहीच मालूम नाही. पुन्हा साऱ्याइच्या समोर इचारतीन, कपाट कुठं होतं, काहून उघडलं नाही. तुम्ही पुन्हा सांगान नं?”

मी हो म्हटलं.

पण लगेच म्हटलं नाही. मध्ये थोडा वेळ गेला. टेबलावर समितीचं पत्र होतं, त्यावर पेपरवेट होता, मी पेपरवेट इकडचा तिकडं केला, मग हो म्हटलं. किती वेळ गेला असेल? चार सेकंद, पाच. वनिताबाई माझ्याकडेच पाहत होत्या. पत्रात काय आहे त्यांना माहीत नाही, पण पाच सेकंद त्यांना पुरले असणार.

पन्ह्याचा पेला खाली ठेवला त्यांनी. “बरं,” म्हणाल्या. “आम्ही सोमवारी अकरालाच येऊन बसतो. सारेच येऊन राहिले. थे म्हातारी बी.”

गेल्या. पत्र अजून तिथंच आहे, सही न केलेलं. फाडलंही नाही. मी हो म्हटलं आहे आणि मला वाटतं मी जाईन.

सुनावणी सोमवारी. शुक्रवार आधी येतो.